गाडी घरची, पेट्रोल मात्र पंपावरचे

आमचे जाम म्हणजे चौरस्त्याचे गाव. एक रस्ता नागपूरला, एक हिंगणघाटावरून थेट हैदराबादेकडे, एक वरोऱ्यावरून चंद्रपूरला. निकाह असो, दवाखाना असो की मयत, आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "गाडी कोणाची काढायची?" खर्च किती येईल, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारणे हलकेपणाचे वाटते. माझ्या मते हा प्रश्न निघण्याआधी, सगळ्यांसमोर विचारला पाहिजे.

हिशेब अवघड नाही. शाळेत शिकलेली एकमान पद्धत पुरते. नागपूरला जाऊन-येऊन, शहरातली फिरफिर धरून दीडशे किलोमीटर समजा. गाडी लिटरला 15 किलोमीटर देते आणि पेट्रोल 105 रुपये आहे असे धरले, तर 10 लिटरचे 1050 रुपये झाले. कंपनीने सांगितलेले ॲव्हरेज धरू नका. टाकी दोनदा पूर्ण भरून मधले किलोमीटर मोजा, खरा आकडा तोच.

पण खर्च पेट्रोलवर संपत नाही. चार टायर 20 हजारांचे आणि ते 40 हजार किलोमीटर चालले, तर किलोमीटरला 50 पैसे. दर 10 हजार किलोमीटरला 6 हजारांची सर्व्हिसिंग, म्हणजे आणखी 60 पैसे. दीडशे किलोमीटरचे हे 165 रुपये कोणाच्याच नजरेला पडत नाहीत. एकूण 1215. वरून टोल आणि पार्किंग. राष्ट्रीय महामार्गावर चोवीस तासांत परतलो तर दोन्ही वेळचा मिळून टोल एकेरीच्या दीडपट लागतो. ऑगस्ट 2025 मध्ये खासगी गाडीसाठी वर्षभराचा किंवा 200 फेऱ्यांचा फास्टॅग पासही सुरू झाला, तेव्हा तो 3000 रुपयांना होता. वारंवार जाणाऱ्याला तो परवडतो, वर्षातून दोनदा जाणाऱ्याला नाही.

"नात्यात पैसे काय मोजायचे?" असे म्हणणारे भेटतात. त्यांचा मोठेपणा मला मान्य आहे. पण न मोजलेला पैसा विसरला जात नाही, तो मनात साचतो. गाडीवाला पुढच्या वेळी गाडी बिघडल्याचे कारण सांगतो आणि नाते तिथेच थोडे उसवते. देणेघेणे लिहून ठेवा, हे सांगणारी सूरह बकराची 282वी आयत कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे. व्यवहारातल्या स्पष्टपणाला दीनमध्ये केवढे मोल आहे, हे त्यातून कळावे.

याची खरी गरज आहे ती गरीब नातेवाइकाला. आकडा माहीत नसेल तर एखादी विधवा खाला एकतर उपकाराखाली दबून गाडीत बसते, किंवा तब्येतीचे निमित्त करून घरीच राहते. "माणशी अडीचशे येतील" असे आधी सांगितले, तर तिला निवड करता येते. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे. ती मानाने एसटीने येईल. आणि ज्याची ऐपतच नाही, त्याचा वाटा बाकीच्यांनी गुपचूप उचलावा. पण तेही आकडा ठाऊक असेल तरच जमते.

गाडीवाल्याने यातून नफा काढू नये, बसणाऱ्यांनी फुकटही बसू नये. चावी फिरवण्याआधी कागदावर चार ओळी लिहा: अंतर, पेट्रोल, टोल, झीज. खाली माणसांची संख्या लिहून भागाकार करा.