गुढी काय सांगते?

मारतहळ्ळी हे नाव ऐकले की मराठी कानाला त्यात हटकून 'मराठा' ऐकू येतो. बंगळूरच्या या उपनगरात नोकरीनिमित्त आलेल्या मराठी माणसाला क्षणभर ते आपलेच गाव वाटते. तिथले अनेकजण मात्र या नावाचा संबंध 'मारुत' विमानाशी जोडतात. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या या लढाऊ विमानाने १९६१ साली पहिले उड्डाण केले होते. 'हळ्ळी' म्हणजे खेडे, एवढे मात्र नक्की.

नाव एकच, पण ऐकणाऱ्यागणिक अर्थ निराळा! स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर यांनी हेच सूत्र मांडले. चिन्ह आणि अर्थ यांची गाठ निसर्गाने बांधलेली नसते, ती समाजाने मानलेली असते. त्यांची व्याख्याने त्यांच्या पश्चात १९१६ साली ग्रंथरूपाने आली. चिन्हांच्या या अभ्यासाला चिन्हमीमांसा म्हणतात. शब्द अवघड असला तरी प्रत्येक सणाला आपण तेच करत असतो.

चैत्र शुद्ध प्रतिपदेचेच पाहा. मराठी घराच्या बाल्कनीत गुढी उभी राहते. शेजारच्या कन्नड घरी त्याच दिवशी युगादी असते. आंब्याचे तोरण दोन्ही दारांवर. 'गुढी' हा शब्द ऐकून शेजारीण मात्र गोंधळते, कारण कन्नडमध्ये 'गुडि' म्हणजे देऊळ!

आता गुढीवरचा कलश बघा. एरवी पूजेत तो पाणी भरून, वर नारळ ठेवून सुलटा मांडतात. गुढीवर तोच पालथा. वस्तू तीच, पण जागा आणि सोबत बदलली की अर्थ बदलतो. कुणी तिला विजयध्वज म्हणते, कुणी रामाच्या आगमनाची खूण, तर कुणी शालिवाहन शकाचा आरंभ. एका चिन्हात इतके अर्थ सुखाने नांदतात.

कडुनिंबाचेही तसेच. मराठी घरात कोवळा पाला गुळाबरोबर देताना आई आरोग्याचे कारण सांगते. कन्नड घरात 'बेवु-बेल्ला' देताना आजी सांगते, येणाऱ्या वर्षाचे कडू-गोड सारख्याच मनाने स्वीकार. आणि गुढीला बांधलेला खण? तो बहुधा कर्नाटकातल्याच गुळेदगुड्डचा असतो!

परमुलखात वाढणारे मूल एक दिवस विचारतेच, "आई, काठीला साडी आणि तांब्या कशाला?" "तशी पद्धत आहे" एवढेच उत्तर मिळाले, तर पुढच्या पिढीत गुढी उरेल ती शोभेची वस्तू म्हणून. चिन्ह जगते ते वाचणाऱ्यांच्या जिवावर.

तेव्हा या पाडव्याला गुढी उतरवण्यापूर्वी, सूर्यास्ताच्या आत, मुलांना जवळ बसवून तिची एकेक खूण उलगडून सांगा. शेजारच्या आजींकडे बेवु-बेल्ला घ्यायलाही पाठवा. एकाच झाडाचा कडवटपणा दोन भाषांत काय सांगतो, हे त्यांना जिभेवरच कळेल.