बाबांना कुणी विचारले?

'बाबांना काही सांगू नका हं, डॉक्टर!' कर्करोगाच्या वॉर्डाबाहेर हे वाक्य नेहमी ऐकू येते. माझ्या वडिलांच्या वेळी ते मीच उच्चारले होते.

रोग पसरला होता. आणखी एक केमोथेरपी देता येईल, पण गुण येण्याची आशा थोडी, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. आम्ही भावंडांनी होकार दिला. पुढचे दिवस उलट्यांत आणि सलाईनच्या नळ्यांत गेले. एका रात्री बाबा म्हणाले, 'आधी का नाही सांगितलंत? घरी गेलो असतो.'

वेदनाशामक उपचार म्हणजे हात टेकणे, असा आपला समज. पण अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगात हे उपचार पहिल्यापासून मिळालेल्या रुग्णांवर अखेरच्या दिवसांत जाचक उपचार कमी झाले. तरी ते अधिक काळ जगले, आणि अधिक सुखाने.

सन्मानाने मरण्याचा हक्क आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला. पण तो बजावायला आधी सत्य कळायला हवे, आणि ते आपणच दाराबाहेर अडवतो. मायेपोटी अडवतो, हे खरे. पण 'बाबा, तुम्हाला काय हवंय?' हे विचारायलाही मायाच लागते. थोडी अधिक.