निळी शाई आधी का संपते?



रोवणीचे दिवस संपल्यावर एके संध्याकाळी आमच्याकडे वस्तीतील एक ताई आल्या. मुलगी बारावी होऊन कॉलेजात गेली आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, प्रवेशपत्र या सगळ्यांच्या प्रती काढण्यासाठी तिच्या दुकानात खेपा सुरू असतात. मुलीचे म्हणणे, घरीच प्रिंटर घेऊ. बचत गटातून सहा हजारांचे कर्ज मिळत होते. ताई म्हणाल्या, "भाऊ, मशीन तं येईल, पण ते शाई किती पिते, तेवढं सांगा."

हा प्रश्न आम्ही चार वर्षांपूर्वी विचारला असता, तर विहार समितीचे पैसे वाचले असते. झाले असे, की वर्गणीत थोडी रक्कम उरली होती आणि दुकानात कार्ट्रिजचा प्रिंटर स्वस्तात मिळत होता. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण चूक आमचीच होती. आम्ही बीकॉम झालेले, दिवसभर कार्यालयात हिशेब तपासणारे. पण यंत्राची किंमत पाहून आम्हीही भुललो. १४ एप्रिलच्या कार्यक्रमपत्रिका काढायला घेतल्या. बाबासाहेबांचे छायाचित्र, मागे निळी पट्टी, खाली अशोकचक्र. पंचवीस-तीस प्रती निघाल्या आणि निळा रंग जांभळट, मग गुलाबी होऊ लागला. कार्ट्रिजमध्ये लाल व पिवळी शाई शिल्लक होती. पण तिन्ही रंग एकाच डबीत, त्यामुळे निळा संपला की डबी निकामी. १३ तारखेच्या रात्री नवी डबी कुठून आणायची? उरलेल्या पत्रिका काळ्या शाईत काढल्या. एका ज्येष्ठ उपासकांनी पत्रिका हातात घेऊन काही न बोलता खिशात ठेवली. ते आम्हाला फार लागले.

आपल्या समाजाचे कोणतेही पत्रक घ्या, त्यात निळा रंग भरपूर असतो. त्यामुळे आपल्याकडे निळी शाई आधी संपणार हे ठरलेलेच. म्हणून रंगीत छपाई करायची असेल, तर प्रत्येक रंगाची टाकी वेगळी असलेलाच प्रिंटर घ्यावा. जो रंग संपेल तेवढीच बाटली आणायची.

आता ताईंना जो हिशेब कागदावर करून दाखवला, तोच येथे देतो. कार्ट्रिजचे यंत्र समजा ४,५०० रुपयांना आणि टाकीचे १२,००० रुपयांना. एचपीचे ६८२ क्रमांकाचे काळे कार्ट्रिज कंपनीच्या सांगण्याप्रमाणे सुमारे ४८० पाने देते. त्याची किंमत ९०० रुपये धरली, तर एका पानाची शाई पडते १ रुपया ८७ पैसे. इप्सनच्या टाकीच्या प्रिंटरला लागणारी ००३ क्रमांकाची काळी बाटली ६५ मिलिलिटरची असते. तिच्यातून ४,५०० पाने निघतात असे कंपनी सांगते. बाटली ४५० रुपयांची धरली, तर पानाला १० पैसे. किमती आम्ही हिशेबासाठी धरल्या आहेत; आपण दुकानात विचारून आपले आकडे घालावेत.

हे ऐकून कोणीही म्हणेल, की मग टाकीचाच घ्या. थांबा. टाकीच्या यंत्राला ७,५०० रुपये जास्त मोजले. ते शाईच्या बचतीतून भरून निघायला सुमारे ४,२२५ पाने छापावी लागतील. ताईंच्या घरी महिन्याला फार तर २० पाने लागतात. म्हणजे साडेसतरा वर्षे! तोपर्यंत मुलगी नोकरीला लागून तिचीच मुले शाळेत जातील आणि यंत्र तर केव्हाच भंगारात गेलेले असेल.

मग स्वस्त कार्ट्रिजचा? तेथे दुसरीच गोष्ट आडवी येते. आपला विदर्भाचा उन्हाळा. मे महिन्यात पत्र्याच्या घरात प्रिंटर पंधरा-वीस दिवस बंद राहिला, तर शाई छिद्रांच्या तोंडाशी वाळते. ती मोकळी करायला यंत्र स्वतःच शाई ओढून फेकते. ४८० पानांच्या डबीतून २००च पाने हाती आली, तर पान साडेचार रुपयांना पडले, आणि कागद वेगळा. शिवाय नव्या यंत्राबरोबर येणारे कार्ट्रिज अनेकदा पूर्ण भरलेले नसते. महिन्याला २० पाने असतील, तर दुकानात पाच रुपये पान देऊनही शंभर रुपयांत काम होते. आम्ही ताईंना स्पष्ट सांगितले, की घरी प्रिंटर घेऊ नका. मुलगी शेजारीच बसली होती. तिचा चेहरा उतरला आणि आम्हालाही बरे वाटले नाही. दुकानात पैशांपेक्षा रांगेचा आणि फॉर्मच्या शेवटच्या तारखेचा जाच अधिक असतो, हे तिचे म्हणणे खोटे नव्हते.

त्यावरचा उपाय अभ्यासिकेत आहे. स्पर्धा परीक्षेची मुले, शाळकरी मुले, विहाराच्या सूचना, धम्मवर्गाचे कागद असे सगळे मिळून महिन्याला ४०० पाने सहज निघतात. त्या वापराला टाकीच्या यंत्राचे जादा पैसे साडेदहा महिन्यांत वसूल होतात. एका घराला जे परवडत नाही ते चाळीस घरांना परवडते. 'मूकनायक' १९२० साली निघाले तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती, तरी १९२३ मध्ये ते बंद पडले. 'बहिष्कृत भारत'लाही पैशाची ओढाताण कधी चुकली नाही. छापलेल्या अक्षराला पैसा लागतो, हे बाबासाहेबांइतके कोणी भोगले नसेल.

ज्यांना फक्त काळी अक्षरे हवीत, त्यांनी लेझर प्रिंटरचाही विचार करावा. त्यात शाई नसून भुकटी असते. ती वाळत नाही. दोन महिने यंत्र बंद राहिले तरी पहिले पान स्वच्छ येते. पावसात प्रवेशपत्र भिजले तरी अक्षरे पसरत नाहीत. मात्र ते तापताना वीज जोरात ओढते, म्हणून घरच्या इन्व्हर्टरवर लावू नये.

समितीने पुढे टाकीचा प्रिंटर घेतला. तो वापरताना जे शिकलो ते असे. बंद करताना आधी प्रिंटरचे बटण दाबावे, मग भिंतीवरचे. एकदम वीज तोडली तर शाईचे तोंड झाकले जात नाही आणि ती वाळते. काम नसले तरी आठवड्यातून एकदा थोडे रंगीत पान काढावे. अक्षर तुटक आले की मुले लगेच सफाईची आज्ञा देतात. तसे करू नये. आधी तपासणीचे एक पान काढावे, रेघा तुटलेल्या दिसल्या तरच एकदा सफाई करावी, तरीही न सुधारल्यास काही तास थांबावे. सफाईत गेलेली शाई आतल्या बोळ्यात जिरते आणि तो बोळा भरला की यंत्रच अडून बसते. नोट्स ड्राफ्टमध्ये व कागदाच्या दोन्ही बाजूंनी काढाव्यात. कंपनीने सांगितलेली पाने ही कागदाचा साधारण पाच टक्के भाग शाईने भरतो असे धरून असतात. गडद निळी पार्श्वभूमी असलेले पत्रक त्याच्या कितीतरी पट शाई खाते. म्हणून निळी पट्टी आता आम्ही छापत नाही, निळा कागदच वापरतो. आणि डिजीलॉकरमधील प्रमाणपत्र मोबाइलवर दाखवून काम भागत असेल, तेथे प्रत काढूच नये.

आमच्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले, तेव्हा स्तूपाच्या अवशेषांत पाच फण्यांच्या नागाचे शिल्प सापडले. खाली ब्राह्मीत नाव कोरले आहे, 'मुचरिंदो नागो'. दोन हजार वर्षे झाली, अक्षर अजून वाचता येते. त्या कारागिराला शाईचा खर्च नव्हता, हे आम्ही अभ्यासिकेतल्या मुलांना सांगतो तेव्हा ती हसतात.

ताईंनी कर्ज उचलले नाही. मुलगी आता अभ्यासिकेत येते. काळ्या पानाला एक रुपया, रंगीत पानाला तीन, कागद धरून. प्रिंटरशेजारी दोरीला बांधलेली वही आहे. नाव, तारीख, पाने, पैसे तीच लिहिते. पहिल्या महिन्यात वहीत ३६ रुपयांची तूट निघाली. कोणीतरी पाने काढून लिहायचे विसरले असावे. तिने घरोघरी विचारून २८ रुपये जमा केले, आठ अजून येणे आहेत. मार्चअखेर निळ्या शाईची एक बाटली आधीच आणून ठेवायची, हेही तिनेच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.