खुनाला ‘उद्रेक’ म्हणणे थांबवा!

कामाच्या ठिकाणी माणूस मारला गेला की दोन-तीन शब्द तयारच असतात. ‘दुर्दैवी घटना’, ‘माथेफिरूचे कृत्य’ किंवा ‘कामगारांचा उद्रेक’. सारे खून असे एकाच गाठोड्यात बांधले की उत्तरदायित्व कोणाकडेच राहत नाही. सोय नेमकी हीच आहे!

22 सप्टेंबर 2008 रोजी ग्रेटर नोएडातील ‘ग्रॅझियानो’ कारखान्याच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचा बडतर्फ कामगारांच्या जमावाने बळी घेतला. त्यावर तत्कालीन केंद्रीय श्रममंत्री ऑस्कर फर्नांडिस यांनी ही घटना व्यवस्थापनांना इशारा ठरावी, असे उद्गार काढले. टीका झाल्यावर त्यांनी क्षमा मागितली. परंतु हत्येला युक्तिवादाचा दर्जा देणारी वृत्ती उघडी पडली. 18 जुलै 2012 रोजी मारुतीच्या मानेसर कारखान्यातील हिंसाचारात मनुष्यबळ विभागाचे महाव्यवस्थापक अवनीशकुमार देव मरण पावले. पुढे 148 कामगारांवर खटला चालला; 2017 मध्ये त्यांतील 117 निर्दोष सुटले. गाऱ्हाणे रास्त असले तरी खून क्षम्य ठरत नाही. पण सरसकट धरपकड म्हणजेही न्याय नव्हे.

मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांचे कोणाशी वैर होते? 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ इंधनातील भेसळ पकडताना त्यांना जिवंत जाळण्यात आले. इंडियन ऑइलचे अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांना 2005 मध्ये लखीमपूर खिरी जिल्ह्यात याच भेसळीपायी गोळ्या घातल्या गेल्या. स्वस्त रॉकेल डिझेलमध्ये मिसळले की प्रत्येक लिटरमागे नफा! येथे कारण संताप नव्हते, हिशेब होता. प्रामाणिक अधिकाऱ्याला एकाकी सोडणारे शासन या हिशेबातून सुटेल काय?

2007 मध्ये पुण्यात रात्रपाळीसाठी निघालेल्या तरुणीचा घात केला तो तिला कामावर नेणाऱ्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने. दोघांना मृत्युदंड झाला; परंतु अंमलबजावणीतील दिरंगाईमुळे उच्च न्यायालयाने 2019 मध्ये तो 35 वर्षांच्या कारावासात बदलला. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात कर्तव्यावरील डॉक्टर युवतीवर बलात्कार करून तिचा खून करणारा, पोलिसांच्याच मदतीला नेमलेला स्वयंसेवक होता. त्याला रोखणारे कोणी नव्हते. राजीनामा देणाऱ्या प्राचार्यांना मात्र काही तासांतच दुसऱ्या महाविद्यालयात नेमणूक मिळाली!

पहिल्या प्रकारात संवादाचे द्वार बंद होते, दुसऱ्यात शासनाचे संरक्षण नव्हते, तिसऱ्यात विश्वासाने नेमलेला माणूसच पारखलेला नव्हता. रोग तीन, औषधेही तीन. मारेकऱ्याला कठोर आणि त्वरित शासन हवेच. परंतु दार उघडे ठेवणाऱ्यालाही जाब विचारला पाहिजे. तो विचारला जात नाही, तोवर प्रत्येक श्रद्धांजली ही पुढच्या बळीची पूर्वसूचनाच ठरेल.