वस्तुविचार : चित्रांचीं कपाटें

इसवी सन १८५९ मध्यें विल्यम मॉरिस या इंग्रज कवीचें व कारागिराचें लग्न झालें, तेव्हां एडवर्ड बर्न-जोन्स या चित्रकार मित्रानें त्यास कपड्यांचें एक कपाट आहेर केलें. घाट फिलिप वेबनें आंखलेला, रंगकाम स्वतः बर्न-जोन्सचें. चित्रांचा विषय चौदाव्या शतकांतील कवि चॉसर याची एक कथा : गळा चिरलेला बालक मरणानंतरहि देवमातेचें स्तोत्र गात राहतो. कथेंत यहुदी लोकांविषयीं भरलेला द्वेष आज कोणाहि विवेकी वाचकास सोसणार नाहीं. आणि आपल्याकडील एखाद्या आजीबाईनें तर असला अमंगळ आहेर उंबरठ्याच्या आंत येऊं दिला नसता, हें निराळेंच!

आगगाडीच्या युगांतील सुशिक्षित मंडळींस हें पांचशें वर्षांपूर्वींचें वेड कां लागावें? कारण बाजारांत तेव्हां हलक्या लांकडावर उंची लांकडाचा पापुद्रा चिकटवून वस्तु सजविण्याची चाल बोकाळली होती. ऑगस्टस प्यूजिन यानें १८४१ मधील आपल्या ग्रंथांत निक्षून सांगितलें कीं, अलंकार रचनेस शोभविण्यापुरता असावा. अलंकारासाठीं रचना करूं नये. वयाच्या पंधराव्या वर्षीं, १८२७ सालीं, त्यानें विंडसरच्या राजवाड्यासाठीं आंखलेलें फर्निचर याच दोषाचें होतें, आणि तसें त्यानें त्याच ग्रंथांत छापून टाकलें. हा प्रांजळपणा आम्हांस त्याच्या सिद्धांताइतकाच मोलाचा वाटतो. मध्ययुगीन सुतार खांच, कुसूं व खुंटी उघडीं ठेवी. सांधा झांकण्याजोगा नसे, म्हणून तोच भूषण होई.

पुढील पिढीनें या उघड्या सांध्यांवर रंग चढविला. जॉन सेडन यानें १८६१ मध्यें आपले नकाशे ठेवण्यास ओकचें मोठें कपाट करविलें. त्यावर पंधराव्या शतकांतील कलासक्त राजा रने व त्याची नववधू शिल्प, चित्र, संगीत इत्यादि कलांत रमलेलीं दाखविलीं आहेत. तें आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत आहे. विल्यम बर्जेस यानें फ्रान्सांत नोयाँ व बायो येथील चर्चांतलीं जुनीं रंगीत कपाटें पाहिलीं होतीं. त्याच्या पुस्तकांच्या कपाटावर चौदा चित्रकारांनीं काम केलें. (याच बर्जेसनें मुंबईच्या कलाशाळेसाठीं इमारतीचे आराखडे केले होते, इमारत मात्र उठली नाहीं.) १८६२ च्या लंडनच्या प्रदर्शनांत हें पुस्तकांचें कपाट मांडलें होतें.

जॉन रस्किननें गॉथिक शिल्पाची थोरवी सांगितली ती मुख्यतः मजुराच्या मुक्त हाताची, त्याच्या चुकांसकट. मॉरिसची त्यावर श्रद्धा होती. परंतु या कपाटांचे चित्रकार आपण आदरानें मोजतों, कुसूं बसविणाऱ्या सुताराचें नांव क्वचितच कोणी विचारतें. शिवाय हाताचें काम म्हणजे वेळ, आणि वेळ म्हणजे दाम. ज्या सामान्य गृहस्थासाठीं मॉरिस झुरत होता, त्यास त्याच्या मंडळीचें चित्रित कपाट परवडणें शक्य नव्हतें. हें शल्य त्यास आयुष्यभर टोंचत राहिलें. १८८३ मध्यें तो समाजवादी पक्षांत शिरला, त्यांत याचा वाटा थोडा नव्हता.

त्याच्या दुकानांतून साध्या घरांत जी वस्तु खरोखर गेली, ती ससेक्स परगण्यांतील खेडवळ नमुन्याची, लव्हाळ्यानें विणलेल्या बैठकीची हलकी खुर्ची. तिच्यावर ना राजा, ना संत, ना चॉसर.