परदेशच्या विद्येचा मुहूर्त

चिखलीच्या एका एकत्र कुटुंबांतील तल्लख मुलाचें एक वर्ष नुकतेंच वायां गेलें. वडील मंडळी अनुकूल होती. परंतु अखेरची गुणपत्रिका हातीं आल्यावांचून अर्ज धाडूं नये, असा काकांचा आग्रह. ती आली श्रावणांत. जर्मनींत हिवाळी सत्र बहुधा ऑक्टोबरांत उघडतें; अर्जाची मुदत पुष्कळ ठिकाणीं १५ जुलैस संपते, कांहीं ठिकाणीं त्याहूनही आधीं. त्याचा अभ्यासक्रम एप्रिलांत सुरू होणारा नव्हता. आतां पुढील ऑक्टोबर!

आम्हांस वाटतें, हिशेब उलट मांडावा. अमेरिकेंत ऑगस्ट-सप्टेंबरांत प्रवेश हवा, तर उच्च पदवीचे बहुतेक अर्ज आदल्या डिसेंबर-जानेवारींतच द्यावे लागतात. म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षीं दिवाळीपूर्वींच कामास लागावें. तोंवरच्या गुणांवर अर्ज बहुधा करतां येतो. पदवी मागाहून दाखवावयाची असते. ब्रिटनच्या व्हिसासाठीं सामान्यतः लागणारी रक्कम सलग २८ दिवस खात्यांत असावी लागते. तेव्हां शेत विकावयाचें कीं कर्ज काढावयाचें, हा घरांतील खल आधींच संपवावा.

आनंदीबाई जोशी यांनीं १८८३ च्या एप्रिलांत कलकत्ता सोडलें. फिलाडेल्फियास त्यांचें वैद्यकाचें अध्ययन ऑक्टोबरांत सुरू झालें. मधले महिने त्यांस परक्या मुलखाशीं परिचय करून घेण्यास मिळाले.

लग्नाचा मुहूर्त धरून आपण सहा महिने आधीं याद्या करतों. विद्येसाठींही तेवढें करावें. धाकट्या भावंडांचें वर्ष तरी वांचेल.