घराचा आरंभ कोणता?

भूमिपूजन झालें, नारळ फुटला, गुरुजींस दक्षिणा पोंचली, म्हणजे घराचा आरंभ झाला, असा आपल्या कुटुंबांतून समज आहे. नगरपरिषद मात्र आरंभ निराळ्या रीतीनें मोजते. हा भेद न जाणल्यामुळें पुष्कळ गृहस्थ ऐन वेळीं अडचणींत सांपडतात. म्हणून धाराशिव जिल्ह्यांतील आमच्या वाचकांकरितां हा विषय आम्ही या महिन्यांत घेत आहों.

१९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या ४८ व्या कलमान्वयें बांधकामाची परवानगी एक वर्ष टिकते. काम सुरू झालें नसेल, तर ती एकेक वर्षानें तीन वेळां वाढवितां येते. म्हणजे एकंदर मुदत चार वर्षांची. अट एवढीच कीं, वाढीचा अर्ज मुदत संपण्यापूर्वीं पोंचला पाहिजे. चार वर्षेंही सरलीं, तर अर्ज नवा, नकाशे नवे व नियमही त्या दिवशीं लागू असतील ते. मात्र २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणें मुदतींत काम जोत्यापर्यंत आलें, तर तो आरंभ धरला जातो व पुढें घर पुरें होईपर्यंत नूतनीकरणाची गरज राहत नाहीं.

एकदां दिलेली परवानगी कायमची कां नसावी, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आपल्याच जिल्ह्यानें अनुभवलें आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. उमरगा-लोहारा भागांतही दगडमातीच्या जाड भिंती व वरचीं जड माळवदें निजलेल्या माणसांवर कोसळलीं. हा प्रदेश तेव्हां भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या विभागांत गणला जात असे. २००२ सालीं किल्लारीचा परिसर वरच्या, तिसऱ्या विभागांत घातला गेला. ज्ञान वाढतें तसे नियम बदलतात. जुना नकाशा मात्र आपण होऊन बदलत नाहीं.

एकत्र कुटुंबांत विलंबाचें कारण बहुधा निराळेंच असतें. सामाइक जागेवर परवानगी आणली जाते आणि मग थोरल्याची खोली कोणती, धाकट्याचा जिना कोठून, हा वाद सुरू होतो. वाद वर्षभर चालतो. मुदत कोणासाठीं थांबत नाहीं. शेवटीं परवानगी संपल्यावर घाईनें भिंती चढवाव्या, तर तें बांधकाम अनधिकृत ठरून ५३ व्या कलमाखालीं पाडण्याची नोटीस येऊं शकते. वडिलांची पुंजी अशी मातींत जावी, हें आम्हांस फार दुःखाचें वाटतें.

यास्तव आमची सूचना साधी आहे. खोल्यांचा निर्णय आधीं करावा, परवानगी मग आणावी. तिच्यावरील तारीख घरांतील एकानें जबाबदारीनें लक्षांत ठेवावी, व काम लांबणार असें दिसतांच वाढीचा अर्ज देऊन त्याची पोंच जपावी. जोतें पुरें होतांच नगरपरिषदेस लेखी कळवून तपासणी करून घ्यावी. मुहूर्त अवश्य पाहावा. परंतु मुहूर्त साधून जोतें न बांधणारा गृहस्थ केवळ आरंभशूरच ठरतो.